मृत्यूची पाठवणी: स्लाव लोकाचारातील शिशिरान्त

स्लाव भाषा बोलणाऱ्या कृषिसमाजांत हिवाळा आपोआप संपतो असे मानले जात नसे. तो विधिपूर्वक घालवावा लागे. पोलंड, बोहेमिया, मोराविया आणि स्लोव्हाकिया येथील खेड्यांत त्यासाठी पेंढ्याची स्त्री-प्रतिमा तयार करीत. तिला जुनी वस्त्रे, क्वचित नववधूचा पेहराव चढवून मुली काठीवर उभारीत, गावाच्या शिवेबाहेर नेत आणि पेटवून किंवा तशीच नदीओढ्यात टाकीत. पोलिशमध्ये ती मर्झान्ना, स्लोव्हाकमध्ये मोरेना, चेकमध्ये मोराना. कित्येक ठिकाणी तिचे नाव केवळ ‘स्मर्त’, म्हणजे मृत्यू, असेच आहे. परतताना मागे वळून पाहावयाचे नाही, आणि वाटेत जो पडेल तो वर्षभरात मरेल, अशी समजूत असे. चेक प्रदेशात मृत्यूला बाहेर घालविल्यावर सजविलेली हिरवी फांदी किंवा झाडाचा शेंडा गावात आणीत. त्याला ‘लेतो’, म्हणजे उन्हाळा, म्हणत.

ही मर्झान्ना मुळात कोण, हा या विधीच्या अभ्यासातील कळीचा प्रश्न होय. पंधराव्या शतकातील पोलिश इतिहासकार यान द्वुगोश याने तिला रोमन धान्यदेवता सेरेसच्या जागी बसविले आणि पोलंडच्या ख्रिस्तीकरणाच्या वेळी झालेल्या मूर्तिभंजनाची स्मृती या बुडविण्यात पाहिली. परंतु द्वुगोश लॅटिन परंपरेत वाढलेला धर्मगुरू होता. प्रत्येक रोमन देवतेला पोलिश प्रतिरूप शोधण्याची त्याची रीत पाहून अलेक्सांडर ब्रुक्नरसारख्या अभ्यासकांनी त्याच्या देवतासूचीविषयी साधार शंका घेतली. प्राग येथील चौदाव्या शतकातील धर्मसभांनी आणि पोझनान येथे १४२० मध्ये झालेल्या निषेधाने जी प्रथा गर्हणीय ठरविली, ती ‘मृत्यूची प्रतिमा’ बाहेर नेण्याची. तेव्हा विधी निश्चितपणे जुना आहे. देवी मात्र तितकीच जुनी आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही.

फ्रेझरने ‘द गोल्डन बाउ’ (१८९०) मध्ये अशा प्रतिमांचा अर्थ मरून पुन्हा जन्मणाऱ्या वनस्पतिदेवतेच्या कल्पनेने लावला. व्लादिमीर प्रॉप यांनी ‘रशियन कृषि-उत्सव’ (१९६३) या ग्रंथात या मताची रशियन सामग्रीवर परीक्षा केली. रशियात उपवासकाळापूर्वीच्या आठवड्यात ‘मास्लेनित्सा’ साजरी होते. त्या वेळी ‘ब्लिनी’ नावाची धिरडी करतात, घसरगाड्यांवरून बर्फाच्या उतारांवर घसरतात आणि शेवटच्या दिवशी पेंढ्याची मास्लेनित्सा जाळतात. काही ठिकाणी पहिले धिरडे मृतांसाठी वेगळे ठेवीत. प्रॉप यांचे निरीक्षण असे, की येथे अंत्यविधी आहे, पण पुनरुत्थान नाही. शोकाऐवजी हास्य आहे. प्रतिमेची राख किंवा तिचे तुकडे शेतात टाकीत, आणि तिच्यातील शक्ती पिकाकडे जाई. देवतेविनाही विधी सार्थ असू शकतो, हा या विवेचनाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

भारतीय वाचकाला येथे फाल्गुनी पौर्णिमेची होळी आठवणे स्वाभाविक आहे. ‘स्मर्त’ आणि संस्कृत ‘मृत्यु’ हे शब्द एकाच इंडो-युरोपीय धातूकडे जातात. मर्झान्ना हे नावही सामान्यतः त्याच धातूशी जोडले जाते. तथापि शब्दांचे नाते म्हणजे विधींचे नाते नव्हे. महाराष्ट्रात होळीची राख धूळवडीला अंगाला लावतात. रशियन शेतकऱ्याने ती शेताला दिली. होलिकेमागे प्रल्हादाची कथा उभी आहे. मर्झान्नेमागे तशी कथा हाती लागत नाही. साम्य आहे ते वेगळ्याच जागी: शिमग्यातील बोंब आणि शिवीगाळ यांना जी तात्पुरती मुभा मिळते, तीच मास्लेनित्सेच्या हास्याला मिळते. अशा साम्यावरून समान उगम नव्हे, तर समान कार्य शोधणे अधिक सुरक्षित ठरते.

पोलंडमध्ये आजही २१ मार्चच्या सुमारास शाळकरी मुले मर्झान्नेला निरोप देतात. मृत्यूचे भय त्यात उरलेले नाही. तिला गावाबाहेर पोहोचविण्याचा क्रम मात्र टिकून आहे. विधीचा अर्थ बदलतो, पण त्याची कृती अधिक चिवट असते. लोकाचारांच्या तौलनिक अभ्यासाने नावांआधी या कृतीकडे पाहावयास हवे.