शस्त्रक्रियागृहातील दुसरे टेबल

शस्त्रक्रियागृहासाठी नवे उपकरण घ्यावयाचे म्हटले की, ‘त्याने खर्च वाढेल की घटेल?’ असे देणगीदार विचारतात. प्रश्न रास्त आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या उदाहरणाने त्याचे उत्तर शोधण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसविण्यास निष्णात शल्यचिकित्सकाला थोडीच मिनिटे लागतात. वेळ जातो तो दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये. एका रुग्णाला उतरवावयाचे, दुसऱ्याला निजवावयाचे, डोळा निर्जंतुक करावयाचा, हत्यारे मांडावयाची. तोवर डॉक्टर थांबतात, सूक्ष्मदर्शक थांबतो. खर्च मात्र थांबत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना हा वेळ किती लांब वाटतो, हे निराळे सांगावयास नको.

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराई येथे ११ खाटांनिशी सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने यावर अगदी साधा उपाय योजला. शेजारी-शेजारी दोन टेबले ठेवून सूक्ष्मदर्शक दोहोंवर वळविता येईल अशी व्यवस्था केली. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असता दुसऱ्यावर परिचारिका पुढील रुग्णाची सिद्धता करतात. हत्यारांचे संच पुरेसे असल्याने निर्जंतुकीकरणासाठी काम अडत नाही. (संच अपुरे असता वेग वाढविणे म्हणजे जंतुसंसर्गास आमंत्रण, तेथे काटकसर आम्हांस मान्य नाही.) १९९२ साली सुरू झालेल्या ऑरोलॅबने भिंगेही देशातच बनविली आणि परदेशी भिंगांच्या तुलनेत त्यांची किंमत पुष्कळच खाली आली.

आता महागड्या यंत्राविषयी. फेको यंत्र ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून अगदी लहान छेदातून ओढून घेते. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातील ४०० डोळ्यांवरील अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. फेको आणि हाताने करावयाची लहान छेदाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया, दोन्ही सुरक्षित व परिणामकारक ठरल्या. चष्म्याविना चांगले दिसणाऱ्यांचे प्रमाण फेकोत अधिक होते, हेही खरे. परंतु यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते, त्याला लागणाऱ्या वस्तूंचा आणि देखभालीचा खर्च मात्र चालूच राहतो.

म्हणून आमच्या मागणीपत्रात दुसरे टेबल, वळता सूक्ष्मदर्शक आणि हत्यारांचे जादा संच प्रथम आहेत. फेको यंत्र त्यांच्या खाली आहे.