मंत्रिमंडळ मधल्या सुट्टीत

१. निवडणूक घेतली म्हणजे सगळ्यांना संधी मिळाली, असं होत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-तुमसर पट्ट्यात शिकवताना शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुका मी वर्षानुवर्षं पाहत आले. जात पाहून मत देतो, असं मुलांच्या मनातही नसतं. ती आपल्यासोबत सायकलने येणाऱ्या दोस्ताला मत देतात. पण गावातले मोहल्लेच जातीनिहाय वसलेले, त्यामुळे ज्यांची घरं जास्त त्यांचाच मुख्यमंत्री. आता अर्धी पदं आम्ही चिठ्ठी टाकून भरतो. चिठ्ठीने आलेली मुलं कामात कुठेही उणी पडलेली मला दिसली नाहीत.

२. बैठकीला कोण येणार, हे वेळच ठरवते. शाळा सुटल्यावर बैठक ठेवली, की मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने जाणाऱ्या मुली आपोआप बाहेर. बस कोणासाठी थांबत नाही. म्हणून आमचं मंत्रिमंडळ मधल्या सुट्टीत भरतं. निवडणूकही धानाची रोवणी आटोपल्यावरच घेतो. पावसाळ्यात कितीतरी मुली आईसोबत बांधीत असतात, आणि गैरहजर मुलीचं नाव कोणी सुचवत नाही.

३. गप्प बसणारं मूल सगळीकडे गप्प नसतं. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातला एक मुलगा वर्गात मान वर करत नसे. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी आम्ही गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर गेलो, तर तिथे तोच पुढे. मरळ मासा कुठे लपतो, बेशरमची झुडपं का उपटायची, पाणी कोणत्या बाजूने येतं, सगळं झाडीबोलीत धडाधड सांगत होता. पहिल्या बाकावरची मुलं वहीत लिहून घेत होती. तेव्हापासून मंत्रिमंडळाचं निम्मं काम मी वर्गाबाहेर नेलं.

४. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. तरी शाळेत अजूनही एक रॅम्प बांधला, की काम संपलं असं मानतात. ज्या मुलाला अंधुक दिसतं त्याने परिपाठ चालवावा, हे मात्र मुलांनाच सुचलं.

५. आमच्या जिल्ह्यात समतेचा विषय घोषवाक्यांवर भागत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्याच खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातले चौघे जमावाच्या हल्ल्यात मारले गेले: सुरेखाबाई, सुधीर, रोशन आणि प्रियंका. प्रियंका शिकत होती. आमच्या दहावीच्या मुलींहून थोडीच मोठी. आजच्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. जुनं कशाला उकरायचं, असं अनेक मोठी माणसं म्हणतात. माझं मत उलट आहे. परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका म्हणणाऱ्या मुलांना शेजारच्या गावाचा इतिहास घरातल्या कुजबुजीतून कळावा, हे मला पटत नाही.

आम्ही त्यावर वर्गात बोललो. एका मुलाने विचारलं, “मॅडम, प्रियंकाच्या वर्गातल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी काय केलं असन?” कोणत्याही प्रशिक्षणात मला हा प्रश्न भेटला नव्हता. त्यावर मुलं बराच वेळ आपसात बोलली, भांडलीही. मग मंत्रिमंडळाने नियम केला: आठवडाभर न आलेल्याच्या घरी दोघांनी जायचं, आणि ते दोघं त्याच्या मोहल्ल्यातले नसावेत. चहा दिला तर प्यायचा, हे एका मुलीने आग्रहाने जोडून घेतलं. काही पालकांना हा नियम अजून आवडलेला नाही. मुलं जातात.