चांदीची तार आणि माणसाची सवय

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात हुपरी हे गाव आहे. लोक त्याला ‘चंदेरी नगरी’ म्हणतात. पैंजण, वाळे, जोडवी असे चांदीचे अलंकार येथे घडविले जातात. हा धंदा घरोघरी चालतो. कोणी मुशीत चांदी वितळवितो, कोणी तार ओढतो, कोणी कड्या जुळवितो, तर कोणी त्यांना झाळ देतो. घरातील स्त्रियांचाही या कामास हात लागतो.

तार ओढण्याचे काम पाहण्याजोगे असते. पोलादी पट्टीला एकाहून एक लहान भोके पाडलेली असतात. चांदीची कांब त्यांतून क्रमाने ओढतात. एका ओढीने तिच्यात फारसा फरक पडलेला दिसत नाही. परंतु अशा पुष्कळ ओढी झाल्या, म्हणजे जाड कांबेची दोऱ्यासारखी बारीक तार होते. आता हे काम यंत्रानेही होते; रीत मात्र तीच आहे.

मुलांनो, सवयही अशीच जडते. खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेत कुस्तीत त्यांचा सहावा क्रमांक आला. ते निराश झाले नाहीत. त्यांनी मेहनत चालू ठेवली आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतातील खेळाडूने ऑलिंपिकमध्ये मिळविलेले ते पहिले वैयक्तिक पदक होय. ते एका दिवसाच्या जोरावर मिळाले नाही; रोजच्या सरावाचे ते फळ होते.

वाईट सवयही याच वाटेने येते. समजा, शाळा सुटल्यावर एखादा मुलगा मोठ्यांचे काम पाहत बसला आहे. जवळचा कोणी माव्याची पुडी पुढे करून म्हणतो, “घे रे, एवढ्याशाने काय होते?” एवढ्याशाने काही झालेले दिसत नाही, हे खरे, आणि म्हणूनच ते फसवे असते. मावा म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना यांचे मिश्रण. तंबाखूतील निकोटिन मेंदूला आपली चटक लावते. मग ते न मिळाल्यास जीव अस्वस्थ होतो. सुपारीने हळूहळू तोंड पुरते उघडेनासे होते. पुढे कर्करोगाचेही भय असते. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. परंतु पुडी पुढे येते, त्या क्षणी तेथे शिपाई नसतो. तेथे “नको” म्हणावयाचे असते ते आपणच.

शरीराच्या इतर सवयीही लहानपणीच लावून घ्याव्या. चांदीच्या बारीक कामात मान वाकवून तासन् तास बसावे लागते. अभ्यासातही तसेच होते. म्हणून मधूनमधून उठावे, पाठ ताठ करावी आणि दूरच्या झाडाकडे पाहून डोळ्यांना विसावा द्यावा. झाळेच्या धुराजवळ मुलांनी बसू नये. झाळेत कॅडमियम असल्यास तो धूर फुफ्फुसांना व मूत्रपिंडांना घातक असतो. रात्री निदान नऊ तास झोप घ्यावी. उशाशी भ्रमणध्वनी ठेवल्यास ती झोप हमखास चोरली जाते.

मनालाही सवयी जडतात. चांदीचा कस पाहतात, त्याला टंच म्हणतात. हिणकस धातू अधिक मिसळला, की टंच उतरतो. मग दागिना कितीही चकचकीत असो. लहानसहान खोटे बोलणे, दुसऱ्याचे गुण पाहून जळणे, आजचे काम उद्यावर टाकणे ही मनातील भेसळ होय. उलट, चूक झाल्यास ती कबूल करणे, रोज थोडे वाचणे, दुःख झाले तर ते आईजवळ किंवा गुरुजींजवळ बोलून मोकळे होणे, या सवयींनी मनाचा कस वाढतो.

एखादी वाईट सवय लागलीच असेल तर? याचेही उत्तर तार ओढणाऱ्यापाशी आहे. ओढता ओढता तार ताठर होते. आणखी ओढली तर तुटते. तेव्हा कारागीर ती टाकून देत नाही. तो तिला विस्तवावर तापवितो. ती पुन्हा मऊ होते आणि नव्याने ओढता येते. माणसालाही असे तापावे लागते. पहिले काही दिवस कठीण जातात. चिडचिड होते, मन मागे ओढते. अशा वेळी लपवून न ठेवता घरच्यांचे व वैद्यांचे साहाय्य घ्यावे. सुटणार नाही अशी सवय नाही. पण जी लागलीच नाही, ती सोडण्याचे कष्टही नाहीत!

स्वाध्याय

१. सवयीला चांदीच्या तारेची उपमा का दिली आहे?
२. “एवढ्याशाने काय होते?” हे बोलणे फसवे का आहे?
३. दागिन्याचा टंच व मनाचा कस यांतील साम्य सांगा.
४. तुमची एक चांगली व एक वाईट सवय लिहा. वाईट सवय सोडण्यासाठी आजपासून काय कराल?