बधिरपणा उतरण्याआधी गोळी

मोडलेल्या मनगटात प्लेट बसवायची होती. पूर्ण भूल न देता फक्त हात बधिर करू, असं भूलतज्ज्ञ म्हणाले. सोनोग्राफीत बघत त्यांनी गळ्याजवळच्या हाडाच्या वर सुई घातली आणि हाताकडे जाणाऱ्या नसांभोवती औषध सोडलं. आधी मुंग्या आल्या, मग हात जड झाला. ड्रिलचा आवाज ऐकू येत होता, दुखत मात्र काहीच नव्हतं. संध्याकाळी घरी आलो. कागदावर ‘दुखल्यास गोळी घ्या’ असं लिहिलेलं. दुखत नव्हतं, म्हणून गोळी पाकिटातच राहिली.

मध्यरात्रीनंतर बधिरपणा उतरला आणि मनगटातून अशी कळ उठली की अंथरुणात बसवेना. गोळी घेतली, पण पोटातून गेलेल्या औषधाला काम करायला अर्धा-पाऊण तास तरी लागतोच. तोवर घरातलं कुणी झोपलं नाही.

पुढच्या तपासणीत कारण कळलं. लिग्नोकेनचा असर साधारण काही तासांतच ओसरतो; बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेनसारख्या औषधांचा बऱ्याचदा आठ ते अठरा तास टिकतो. दुखणं तेवढा वेळ नुसतं अडवलेलं असतं. असर संपला की ते हळूहळू न वाढता एकदम अंगावर येतं. म्हणून नस बधिर करून शस्त्रक्रिया होणार असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच विचारा: असर अंदाजे किती वाजता उतरेल आणि पहिली गोळी कधी घ्यायची? गोळ्या दुखण्याची वाट न पाहता त्यांनी सांगितलेल्या वेळेलाच घ्या. झोपेची वेळ मध्ये येत असेल तर गजर लावा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अॅलर्जी, मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास आधीच सांगा. अंगठ्या-बांगड्या घरीच काढून ठेवा. इंजेक्शन देताना ओठांभोवती मुंग्या आल्या, कानात गुणगुणलं किंवा तोंडाला धातूची चव आली तर लगेच बोला; औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असू शकते.

घरी आल्यावर बधिर हात झोळीतच ठेवा. गरम चहा, शेगडी, दाराची फट यांपासून जपा, कारण भाजलं-चेमटलं तरी कळणार नाही. बोटं निळसर किंवा गार पडली, प्लास्टर आवळू लागलं, धाप लागली, किंवा दुसऱ्या दिवशीही बधिरपणा उतरला नाही, तर थांबू नका, रुग्णालयात फोन करा.

याच पद्धतीनं शस्त्रक्रिया करून घ्यायला मी पुन्हाही तयार होईन. फक्त पहिल्या गोळीची वेळ कागदावर लिहून घेतल्याशिवाय घरी निघणार नाही.