ग्लॉकोनाइट : हिरव्या खनिजातील पालाश आणि भातावरील तुडतुडे

तंजावरच्या भातपट्ट्यात नत्राचा अतिरेक झालेल्या शेतात तपकिरी तुडतुड्यांचा प्रादुर्भाव अधिक होतो. पुरेसा पालाश मिळालेल्या पिकाच्या रसात विद्राव्य नत्रयुक्त घटक कमी साचतात. असे पीक या किडीला फारसे मानवत नाही. पालाशयुक्त खत मात्र देशाला जवळजवळ सर्वस्वी आयात करावे लागते. म्हणूनच कोल्लिडम नदीपलीकडे, पेरंबलूरकडील कराईच्या क्रिटेशस कालखंडातील सागरी खडकांत आढळणारे ग्लॉकोनाइट लक्ष वेधून घेते.

हे लोह व पालाश असलेले हिरवे सिलिकेट खनिज होय. उथळ सागरतळावर गाळ अतिशय सावकाश साचत असताना, प्राणवायू बेताचाच असलेल्या थरात, मूळ कणांमध्ये लोह आणि पालाश शिरत जातात. ही प्रक्रिया लाखो वर्षेही चालते. खनिज इतके मऊ असते की नखानेही ओरखडा उठतो. त्यात पालाश साधारण 4 ते 8 टक्के, तर म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के असतो. शिवाय तो स्फटिकाच्या थरांत जखडलेला असल्याने अतिशय मंद गतीने सुटतो. नुसती दळलेली हिरवी भुकटी त्याच हंगामात तुडतुडे आवरील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. विक्रेता काहीही सांगो. भाजून किंवा आम्लाची प्रक्रिया करून हा पालाश मोकळा करता येतो. तोवर माती परीक्षणानुसार म्युरेट विभागून द्यावे आणि नत्राची मात्रा पानांच्या रंगतक्त्यावरून ठरवावी.