लोकर घेण्याआधी नमुना वाचा

सहा महिन्यांच्या बाळाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर बंगळुरूत घरी विणला, तर सामानाला तीनशे रुपये लागतात किंवा तीन-साडेतीन हजारही लागतात. मेहनत दोन्हीकडे सारखीच असते, फरक धाग्याचा असतो. म्हणून पैसे मोजण्याआधी हातातला नमुना काय मागतो ते नीट समजून घ्यावं.

इंग्रजी नमुन्यातल्या खुणा घाबरवतात, पण त्या मोजक्याच आहेत. के म्हणजे सुलट, पी म्हणजे उलट. सीओ म्हणजे टाके घालणे आणि बीओ म्हणजे बंद करणे. वायओ दिसलं की सुईवर धाग्याचा वेढा घेऊन जाळीचा टाका वाढवायचा, आणि के२टॉग दिसलं की दोन टाके एकत्र सुलट विणायचे. तारांकित भाग पुन्हा पुन्हा येतो. ‘64 (70, 76)’ असे आकडे वेगवेगळ्या मापांचे असतात. तेव्हा सुरुवातीलाच पेन्सिल घेऊन नमुनाभर आपल्या मापाच्या आकड्याभोवती गोल करावा.

खरी गफलत सुईच्या नंबरात होते. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत जाड होते. आपली 8 नंबर 4 मिलिमीटरची, अमेरिकन 8 नंबर 5 मिलिमीटरची. आपली 10 नंबर सव्वातीन मिलिमीटरची, तर त्यांची 10 नंबर चक्क 6 मिलिमीटरची! दुकानात नंबर सांगूच नका, मिलिमीटर सांगा. चिकपेट-मामूलपेठच्या गल्ल्यांत ॲल्युमिनियमच्या सुयांची जोडी साधारण शंभर-दीडशेला मिळते. लाकडी गोल सुया चारशेपासून पुढे.

मग येतो ताण, म्हणजे गेज. नमुना म्हणतो, 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके. तुमचा हात सैल असेल आणि 20च बसत असतील, तर 66 टाक्यांची पाठ 30ऐवजी 33 सेंटिमीटर होते. पुढचा भागही तेवढाच वाढतो, म्हणजे घेर सहा सेंटिमीटरनं मोठा. महागडी लोकर आणली असेल तर चौकोनी तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच मोजावा. यात आळस करू नये.

लोकर ग्रॅमवर घेऊ नका, मीटरवर घ्या. डबल निटिंग जाडीच्या धाग्याचा 50 ग्रॅमचा गोळा साधारण 110 ते 125 मीटर भरतो. बाळाच्या स्वेटरला तीनशे-साडेतीनशे मीटर धरले, तर असे तीन, क्वचित चार गोळे लागतात. मोठ्या बाईच्या स्वेटरला हजार-बाराशे मीटर सहज लागतात. सगळे गोळे एकाच लॉट नंबरचे घ्या, नाहीतर बाहीचा रंग वेगळा दिसतो.

दुकानात ॲक्रेलिकलाही सर्रास ‘वुल’ म्हणतात. 100 ग्रॅम ॲक्रेलिक शंभर-दीडशेला मिळतं. आयात सेंद्रिय मेरिनोचा 50 ग्रॅमचा गोळा सातशे ते बाराशेच्या घरात जातो. शंका आली तर धाग्याचं टोक चिमट्यात धरून, बाजूला पाणी ठेवून जाळून पाहा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. ॲक्रेलिक वितळतं आणि त्याचा टणक काळा मणी होतो.

या चाचणीनं लोकर कळते, ती सेंद्रिय आहे का ते कळत नाही. त्यासाठी जीओटीएस या जागतिक मानकाचं लेबल पाहावं. ‘ऑरगॅनिक’ लिहायला किमान 95 टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू लागतात, ‘मेड विथ ऑरगॅनिक’साठी 70 टक्के पुरतात. लेबलवर प्रमाणन संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो, तो जीओटीएसच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक नसेल तर सेंद्रियचे जादा पैसे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. प्रमाणित पांढरी लोकर आणून कुणी घरी रंगवली, तर रंगवणाऱ्याकडे प्रमाणपत्र असल्याशिवाय त्या रंगीत लडीवर हे लेबल लावता येत नाही. आरडब्ल्यूएस हे लेबल मेंढ्यांची निगा आणि चराऊ जमिनीची काळजी सांगतं. तेही मोलाचं, पण ते सेंद्रियतेचं प्रमाण नव्हे.

आणखी एक. मशीनमध्ये धुता येणारी बरीचशी ‘सुपरवॉश’ लोकर क्लोरिन प्रक्रियेतून जाते, आणि जीओटीएसला ती चालत नाही. त्यामुळे सेंद्रिय लोकर बहुधा हातानं, गार पाण्यात, न पिळता धुवावी लागते आणि आडवी पसरून वाळवावी लागते. दुधाचे डाग पडणाऱ्या रोजच्या स्वेटरला हे झेपेल का, याचा आधी विचार करा. बंगळुरूची थंडीतली रात्रही साधारण 15-16 अंशांची. तेवढ्याला सेंद्रिय सुती धागा पुरतो, बराच स्वस्त पडतो आणि धुवायला सोपा. मेरिनो उत्तरेच्या प्रवासासाठी राखावी.

कर्नाटक-महाराष्ट्रातल्या दख्खनी मेंढीची लोकर जवळची आणि स्वस्त, पण ती बाळाच्या अंगाला नको. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतू त्वचेला टोचतात, आणि ही लोकर घोंगडीची, भरड आहे. पिशवी, आसन, पायपुसणं यांसाठी मात्र ती आवर्जून घ्यावी. धनगर-कुरुब कुटुंबांच्या या मालाला गिऱ्हाईक हवंच आहे.

गोळ्याचं लेबल आणि बिल स्वेटर पुरा होईपर्यंत जपा. एखादा गोळा कमी पडलाच, तर त्याच लॉटचा शोधायला तेच उपयोगी पडतं. आणि न उघडलेले गोळे परत घेणार का, हे पैसे देण्याआधीच विचारून ठेवा.