सागवानाच्या कडेवर राउटर

प्रश्न : सागवानी चौकटीच्या कडेला गोलाई देताना राउटर हातातून पळतो व लाकूड जळते. उपाय काय? (एक वाचक, गडचांदूर)

उत्तर : वरून पाहता राउटरचे पाते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून बाहेरच्या कडेवर यंत्र काट्यांच्या उलट दिशेने सरकवावे, अन्यथा पातेच यंत्राला पुढे ओढते. सागवानात वाळूतील सिलिका असते; तिने पोलादी पाते बोथट होऊन घर्षणाने लाकूड करपते, त्यामुळे कार्बाइडचे, म्हणजे टंगस्टनच्या अतिकठीण संयुगाचे, पाते वापरून खोली दोन-तीन मिलिमीटरच्या टप्प्यांनी वाढवावी. पात्याचा दांडा कोलेटमध्ये, म्हणजे त्याला आवळणाऱ्या चिमट्यात, पूर्ण घालून किंचित मागे घ्यावा व मगच आवळावा; त्यापूर्वी प्लग काढलेला, आणि काम सुरू करताना लाकूड शिकंज्यात बांधलेले व डोळ्यांवर चष्मा असावा.